क्लायंबिंगच्या आधी खांदे, पाठ, बोटं कशी तयार करायची: पॉवरसाठीचा वॉर्मअप, टप्प्याटप्प्याने

क्लायंबिंग वॉलवर आल्यावर बऱ्याच जणांचा वॉर्मअप म्हणजे दोनदा हात गोल फिरवायचे, मान कडकन मोडायची आणि गेल्या आठवड्यात राहिलेल्या ओव्हरहँगच्या (बाहेर झुकलेल्या भिंतीवरच्या) प्रॉब्लेमला, म्हणजे छोट्या अवघड चढाईला, थेट भिडायचं. दुसरा प्रकार याच्या बरोब्बर उलट, हा गडी आल्या आल्या हात सुटेपर्यंत पुलअपचे चार सेट मारतो, घामाघूम होतो आणि पहिल्याच रूटला (चढायच्या ठरलेल्या वाटेला) हात फुगले म्हणून मॅटवर बसतो. दोघांचंही त्या दिवसाचं क्लायंबिंग अर्धं वाया जातं.

पॉवरसाठीचा वॉर्मअप या दोघांच्या मधला असतो. जोर हळूहळू वाढवत जवळजवळ पूर्ण ताकदीपर्यंत न्यायचा, पण रेप्स इतके कमी ठेवायचे की थकवा येऊच नये, आणि मग थोडा वेळ गप बसायचं. हे गप बसणं लोक हमखास गाळतात आणि अर्धा फायदा तिथेच जातो, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

स्ट्रेंग्थ आणि पॉवर यात गल्लत होते म्हणून आधी तेवढं. किती वजन ओढता येतं ती स्ट्रेंग्थ, आणि तेच किती झटक्यात ओढता येतं ती पॉवर. सावकाश पंधरा पुलअप काढणारा माणूस साध्या डायनोला, म्हणजे झेप घेऊन करायच्या मूव्हला, होल्डपर्यंत (हाताने धरायच्या जागेपर्यंत) पोचत नाही हे कुठल्याही जिममध्ये दिसेल, कारण त्याच्या स्नायूंना एकदम सगळा जोर लावायची सवयच नसते. वॉर्मअपने अर्ध्या तासात नवीन ताकद तयार होत नाही, पण असलेली ताकद पहिल्याच सिरियस ट्रायला हाताशी येते. स्नायूंचं तापमान एका अंशाने वाढलं तरी झटक्याच्या कामात साधारण २ ते ५ टक्के फरक पडतो असं अभ्यासांत दिसलंय, आणि आपण बहुतेक वेळा पडतो ते तेवढ्याच फरकाने.

सामान काय लागेल

फार काही नाही. एक हलका रेझिस्टन्स बँड, पुलअप बार किंवा हँगबोर्ड (बोटांनी लटकायला कडा असलेली फळी), आणि बाहेर कड्यावर जाणार असाल तर लाकडाचा एक छोटा पोर्टेबल ब्लॉक ज्याला साधारण २० मिलिमीटरची कड असते. ब्लॉक विकत मिळतो, सुताराकडून पण करून घेता येतो, फक्त कडेला गोलाई द्यायला सांगा नाहीतर कातडी सोलून निघते.

पहिल्या सहा टप्प्यांना ३० ते ३५ मिनिटं धरा, शेवटचं गप बसणं आणि भिंतीवरचा टप्पा वेगळा. जास्त वाटतोय ना? दोन तासांच्या सेशनमधला पाऊण तास लोक मोबाईलमध्ये घालवतात, त्यातून काढा.

टप्पा १: अंग गरम करा (५ मिनिटं)

दोरीच्या उड्या, जागेवर पळणं, जिने चढउतार, काहीही चालेल. दम थोडा लागला पाहिजे पण बोलता आलं पाहिजे. माझं ऐकाल तर सूर्यनमस्कार घाला, आठ-दहा मध्यम वेगात, कारण त्यात खांदे, मनगटं, पाठ, मांड्या सगळं एकदम हलतं आणि वेगळं काही शिकावं लागत नाही.

सह्याद्रीत कड्यावर जायचं असेल तर लोक म्हणतात अप्रोचच (कड्यापर्यंतची चाल) एवढा आहे, वेगळं वॉर्मअप कशाला. ड्यूक्स नोज घ्या नाहीतर तैलबैला, वर पोचेपर्यंत पाय गरम होतात हे खरं, पण हात तेवढा वेळ सॅकच्या पट्ट्यांना धरून असतात. शिवाय पोचल्यावर रोप लावणं, गियर वाटणं, आपला नंबर येणं यात तास कुठेच गेला नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या वाऱ्यात तोपर्यंत सगळं परत थंड. त्यामुळे पोचल्या पोचल्या वॉर्मअप करू नका, आपल्या नंबरच्या अर्धा तास आधी सुरू करा. उन्हाळ्यात उलटं, अंग आपोआप गरम असतं, तिथे हा टप्पा दोन मिनिटांत उरका.

टप्पा २: सांधे मोकळे करा (३-४ मिनिटं)

हात गोल फिरवणं इथे येतं. आधी छोटी वर्तुळं, मग मोठी, दोन्ही दिशांनी दहा-दहा. मनगटं फिरवा. मग जमिनीवर चारी पायांवर येऊन तळवे टेकवा, वजन पुढे-मागे न्या, आणि तेच बोटांची टोकं गुडघ्यांकडे वळवून करा. त्याच पोझिशनमध्ये एक हात डोक्यामागे ठेवून कोपर छताकडे उघडा, प्रत्येक बाजूला सहा-सात वेळा. पाठीचा वरचा भाग कडक असला की हात डोक्यावर नेताना खांद्यावर नको तेवढा ताण येतो, आणि दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्यांची पाठ कडकच असते.

एक करू नका. एकच स्ट्रेच मिनिटभर किंवा त्याहून जास्त धरून ठेवणं. लांब स्टॅटिक स्ट्रेचिंगनंतर थोडा वेळ झटक्याची ताकद कमी होते, म्हणून ते सेशन संपल्यावर किंवा घरी रात्री. आत्ता सगळं हलतं ठेवायचं.

टप्पा ३: बँडचं काम (५ मिनिटं)

क्लायंबिंगमध्ये आपण सतत ओढत असतो, त्यामुळे पुढचे आणि आत वळवणारे स्नायू दणकट होतात आणि खांद्याच्या मागचे बारके स्नायू, म्हणजे रोटेटर कफ, मागे पडतात. खांदा खोबणीत नीट बसवून ठेवायचं काम याच बारक्यांचं. ते झोपलेले असताना तुम्ही लांबचा होल्ड झटक्यात पकडलात की सगळा भार सांध्यावर.

पहिला प्रकार: बँड छातीसमोर दोन्ही हातांत धरून बाजूला ताणायचा, कोपरं जवळपास सरळ, १२ ते १५ वेळा. दुसरा: कोपर कमरेला चिकटवून ९० अंशात, बँड खांबाला बांधून हात बाहेरच्या बाजूला उघडायचा, प्रत्येक हाताला १० ते १२, सावकाश. इथे कोपर अंगापासून सुटलं तर व्यायामाला अर्थ राहत नाही, काखेत रुमाल दाबून धरा, पडला की कळतं. तिसरा: बँड डोळ्यांच्या उंचीला बांधून दोन्ही हातांनी कपाळाकडे ओढायचा, ओढताना मनगटं मागे वळवायची, १०-१२ वेळा.

बँड हलकाच घ्या. शेवटच्या रेपला हात थरथरायला लागला तर बँड जड आहे. ताकद दाखवायची जागा ही नाही.

टप्पा ४: खांद्याची पाती (४-५ मिनिटं)

मला विचाराल तर अख्ख्या वॉर्मअपमध्ये काही गाळायची वेळ आलीच तर हे गाळू नका, दुसरं काहीतरी गाळा.

बारला सरळ हातांनी लटका. कोपर अजिबात न वाकवता फक्त खांदे कानांपासून खाली ओढा, पाती पाठीत खाली आणि थोडी जवळ येतील, छाती किंचित वर उचलली जाईल. एक सेकंद थांबा, सावकाश सोडा. हा स्कॅप्युलर पुलअप. हालचाल जेमतेम दोन-तीन इंचांची असते, नवीन माणसाला वाटतं काहीच होत नाहीये. ६ ते ८ वेळा, दोन सेट. पूर्ण वजन झेपत नसेल तर पाय स्टुलावर टेकवून करा, त्यात कमीपणा काही नाही.

याचं कारण असं की कुठलीही झटक्याची ओढ आधी पात्यातून सुरू व्हायला हवी, मग पाठीचे मोठे स्नायू, मग हात. उलट झालं, म्हणजे पाती सैल आणि बायसेप्सने ओढलं, तर जोरही कमी लागतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला हळूहळू दुखणं सुरू होतं. क्लायंबर लोकांची ती नेहमीची तक्रार, आणि एकदा मागे लागली की महिनोन्‌महिने सोडत नाही.

यानंतर ढकलायचं काम. प्लँकमध्ये हात सरळ ठेवून पाती जवळ आणायची आणि मग जमीन ढकलून लांब न्यायची, ८-१०. मग तालमीतले आपले जोर, पाच ते आठ. जोर घालताना अंग खालून वर घसरत जातं त्यात छाती, खांदे, ट्रायसेप्स आणि पाठ एका दमात कामाला लागतात, आणि मँटल करताना, म्हणजे कड्याच्या काठावर तळवे रोवून अंग वर उचलताना, नेमकी तीच ताकद लागते. क्लायंबर म्हणून नुसतंच ओढत बसणाऱ्यांना मँटलवर अडकलेलं कितीतरी वेळा पाहिलंय.

टप्पा ५: बोटं (८-१० मिनिटं, घाई नको)

पाठ कितीही मजबूत असू दे, तो जोर होल्डपर्यंत पोचतो बोटांतूनच. आणि बोटांत स्नायू नाहीत, ते मुख्यतः कोपराखालच्या हातात आणि थोडे तळव्यात आहेत, बोटांत फक्त टेंडन आणि त्यांना हाडाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, पुली म्हणतात त्यांना. बोटाच्या मुळाजवळची ए-२ पुली ही क्लायंबरच्या दुखापतींमधलं सगळ्यात बदनाम नाव, त्यातही अनामिकेची. क्रिंप करताना, म्हणजे बारीक कड बोटं मोडून धरताना, तिच्यावर होल्डवरच्या भारापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. तुटते तेव्हा फट असा आवाज शेजारच्यालाही ऐकू येऊ शकतो.

आंद्रेआस श्वाइत्झर नावाचे स्विस हँड सर्जन स्वतः क्लायंबर आहेत, त्यांनी या पुलींवर बरंच काम केलंय. त्यांच्या मोजमापात असं आलं की बोटं क्लायंबिंगच्या भाराला पूर्ण सरावायला शंभरेक मूव्ह लागतात. म्हणजे चाळीस मूव्हचे दोन-तीन सोपे रूट, किंवा आठ-दहा सोपे बोल्डर (दोराशिवायच्या छोट्या चढाया). दोन मिनिटं हँगबोर्डला लटकलं म्हणजे बोटं तयार, हा समज सोडून द्या.

क्रम असा ठेवा. आधी मुठी उघडझाक, वीस-तीस वेळा. मग प्रत्येक बोट एकेक करून वाकवायचं, सरळ करायचं. मग हँगबोर्डची मोठी कड किंवा जग (हात पूर्ण बसतो असा मोठा होल्ड), पाय जमिनीवर ठेवून अर्ध्याच वजनाने १० सेकंद, दोनदा. मग २० मिलिमीटरच्या आसपासची कड, ओपन हँडने (बोटं फार न मोडता), पाय जमिनीवरच, १० सेकंद, भार पहिल्यापेक्षा थोडा जास्त. मग त्याच कडेवर हाफ क्रिंप (बोटांचा मधला सांधा साधारण काटकोनात), ७-८ सेकंद. प्रत्येक लटकण्यानंतर निदान मिनिटभर थांबा. शेवटी ज्यांना जमतं त्यांनी पाय उचलून पूर्ण वजनावर ५ सेकंद, एकदा किंवा दोनदा, बस. अंगठा वरून दाबून केलेला फुल क्रिंप वॉर्मअपमध्ये नको.

बाहेर कड्यावर हँगबोर्ड कुठून आणायचा? तिथे ब्लॉक कामाला येतो. ब्लॉकला स्लिंग (मजबूत पट्ट्याचा फास) बांधा, स्लिंग कॅराबिनरने (उघडझाक होणाऱ्या धातूच्या कडीने) सॅकला अडकवा, आणि सॅक जमिनीवरून बोटांनी उचला, एका हाताने, पाठ सरळ. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या की वजनही कळतं, एक लिटर म्हणजे एक किलो, पाच लिटरपासून सुरू करा आणि दर वेळी दोन-तीन लिटर वाढवा, मग रोप आणि गियर घाला. पाणी कमी असेल तर स्लिंगमध्ये पाय अडकवून ब्लॉक वर ओढा, पायाने जेवढा विरोध कराल तेवढा भार. कुणाच्या अँकरला किंवा रूटच्या बोल्टला ब्लॉक अडकवून लटकत बसू नका, आणि झाडाच्या फांदीलाही नको, कड्याच्या कपारीतली झाडं दिसतात तेवढी घट्ट नसतात.

टप्पा ६: आता झटका (५-६ मिनिटं)

इथपर्यंत सगळं तयारीचं होतं. आता मेंदूला सांगायचं की एकदम सगळं लाव.

दोन-तीन साधे पुलअप, व्यवस्थित, खाली पूर्ण सरळ हात. एक मिनिट थांबा. मग २ ते ३ पुलअप जमेल तितक्या वेगाने वर, छाती बारला लावायची असं मनात धरून, पण खाली येताना सावकाश. दीड-दोन मिनिटं थांबा. परत तसेच २ ते ३. वेग कमी झाला की सेट तिथेच संपला, तिसरा रेप ओढून-ताणून काढण्यात काही मिळत नाही. ज्यांचे दहा-बारा पुलअप आरामात निघतात त्यांनी वर गेल्यावर हात क्षणभर बारवरून सोडून परत पकडायचा प्रकार करायला हरकत नाही, एकदा-दोनदाच. पुलअप एकही निघत नसेल तर बारला जाड बँड अडकवून त्यात गुडघा किंवा पाय ठेवा आणि झटक्यात वर या. वेग महत्त्वाचा, वजन नाही.

पाच-सहा महिन्यांपासून नियमित चढणाऱ्यांनी यात एक अजून घालावं. मोठा होल्ड धरून, कोपर ९०-१०० अंशात, पाय जमिनीवर घट्ट, आणि न हलणाऱ्या त्या होल्डला ३ सेकंद पूर्ण जोराने खाली ओढायचं, जणू भिंत उपटायचीय. दोन-तीन वेळा, मधे मिनिटभर. हालचाल नसल्यामुळे थकवा फार येत नाही आणि जोर मात्र पूर्ण लागतो.

आणि आता ते गप बसणं. जोरदार प्रयत्नानंतर स्नायू थोडा वेळ जास्त झटका देऊ शकतात, पण थकवाही त्याच वेळी असतो, आणि थकवा आधी उतरतो. तो उतरायला साधारण ३ ते ७ मिनिटं द्या. लगेच भिंतीवर गेलात तर फक्त थकवा वाट्याला येतो. पाणी प्या, शूज घाला, रूट वाचा, चॉक लावा, वेळ जातो. स्वेटशर्ट मात्र काढू नका.

कॅम्पस बोर्ड (पाय न लावता फक्त हातांनी पट्ट्यांवर चढायची कललेली फळी) वॉर्मअपमध्ये घ्यावा का हा प्रश्न नेहमी येतो. वोल्फगांग ग्युलिखने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या कॅम्पस सेंटर नावाच्या जिममध्ये तो बोर्ड बनवला आणि पुढे १९९१ मध्ये त्याने फ्रांकेनयुरामध्ये अ‍ॅक्सिओं दिरेक्त हा रूट चढला, जो जगातला पहिला ९ए (अवघडपणाची खूप वरची ग्रेड) मानला जातो. म्हणजे हे हत्यार कुणासाठी घडलं ते लक्षात घ्या. दोन-तीन वर्षं नियमित चढताय, बोटं-कोपरं दुखत नाहीत, तर मोठ्या पट्टीवर दोन-तीन सोप्या उड्या चालतील. बाकीच्यांनी लांबून बघावा. वाढत्या वयाच्या मुलांना तर अजिबात नाही, त्यांच्या बोटांच्या हाडांच्या वाढीच्या जागा अजून कच्च्या असतात आणि तिथे फ्रॅक्चर होऊ शकतं. शाळकरी पोरांनी टप्पा सहामधलं फक्त बँडवालं किंवा साधे पुलअप करावेत, दोरीच्या मल्लखांबाला जाणारं पोर असेल तर त्याला ओढायची ताकद तुमच्याआमच्यापेक्षा आधीच जास्त असते, त्याला बोटांचं काम तेवढं जपून शिकवा.

टप्पा ७: भिंतीवर

टप्पा पाचमध्ये सांगितलेले शंभर मूव्ह इथे पूर्ण होतात. जिममध्ये असाल तर खरं म्हणजे अर्धे सोपे बोल्डर टप्पा पाचच्या आधीच चढून घ्या आणि अर्धे इथे, मी तसंच करतो, लटकण्यापेक्षा चढताना बोटं जास्त चांगली तयार होतात. आपल्या नेहमीच्या ग्रेडच्या तीन-चार पायऱ्या खालून सुरू करा, वर येत जा. शेवटचे दोन बोल्डर असे निवडा ज्यात एखादी उडी किंवा लांबची झेप आहे, पण होल्ड मोठे आहेत. पाठीला झटक्याचा सराव होतो आणि बोटं धोक्यात येत नाहीत.

मग परत ३-४ मिनिटं. आणि मग प्रोजेक्ट, म्हणजे ज्यासाठी आलात ती अवघड चढाई.

काही अडचणी

कोपर किंवा बोट आधीच दुखत असेल आणि वॉर्मअप करताना दुखणं कमी होत गेलं तर सोप्या ग्रेडवर चढा. वाढत गेलं तर त्या दिवशी बेले द्या (दुसऱ्याचा दोर सांभाळा), घरी जाऊ नका, पण चढूही नका. बोटाला सूज किंवा मुळाशी दाबल्यावर टोचल्यासारखं दुखत असेल तर फिजिओ किंवा हाताचा डॉक्टर, युट्यूब नाही.

चाळिशीच्या पुढच्यांनी टप्पा एक ते पाच दुप्पट वेळ द्या आणि सहा अर्धा करा.

पावसाळ्यात आपल्याकडे कडे बंद, सगळे वॉलवर, आणि दमटपणामुळे होल्ड घसरतात म्हणून लोक नकळत जास्त आवळून धरतात. त्या दिवसांत हात लवकर फुगतात, तर टप्पा सहामधले सेट कमी करा. बदामीला थंडीत जाणार असाल तर वाळूखडक हातांना छान लागतो पण पहाटेची थंडी बोटांत शिरते, गरम पाण्याची बाटली किंवा हँड वॉर्मर खिशात असू द्या, थंड बोटांनी क्रिंप धरायचा नाही.

स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी: २०१६ आणि २०१७ ला नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, तशा मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडूंना आपला नंबर येईपर्यंत आयसोलेशनमध्ये ठेवतात आणि सगळा वॉर्मअप तिथल्या छोट्या भिंतीवरच उरकावा लागतो. तुमचा नंबर नक्की कधी येईल हे सांगता येत नाही, म्हणून टप्पा सहा अगदी शेवटी ठेवा आणि तो आधी करून झाला असेल तर दर दहा-बारा मिनिटांनी एक-दोन झटक्याचे पुलअप आणि एक हँग एवढंच परत करा.

कड्यावर पण तेच. वॉर्मअप होऊन वीस मिनिटांपेक्षा जास्त बसावं लागलं तर सगळं पहिल्यापासून नको: मिनिटभर जागेवर पळा, पाच स्कॅप्युलर पुलअपच्या जागी बँड दहा वेळा ताणा, ब्लॉकने सॅक एकेका हाताने दोनदा उचला, आणि टोपी-जॅकेट हार्नेस घालायच्या वेळेपर्यंत अंगावर ठेवा.